पंधरा प्रोसेसरांची चोरी

सफाक्स शहरात डोकं चालवणारी माणसं दोनच. दुसरा कोण, याचा शोध मी अजून घेतोय. मी नूरी बिन सालम. कंपनीच्या कागदावर साधा प्रोग्रॅम तपासनीस. पण साहेबांचा हरवलेला चष्मा मी त्यांच्याच कपाळावर शोधून काढला, तेव्हापासून गुप्तहेर.

त्या मंगळवारी आमच्या प्रोग्रॅमने एका रुग्णवाहिकेला दवाखान्याऐवजी मासळीबाजारात पाठवलं. पेशंट वाचला, पण भयंकर चिडला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या रौदाने चूक दहा मिनिटांत दुरुस्त केली. आता सगळा प्रोग्रॅम नव्याने कंपाईल करायचा, म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत उतरवायचा, तर दोन तास. वाजले होते साडेअकरा, आणि एकपर्यंत दुरुस्ती पोचली नाही तर रुग्णवाहिकावाले आमचा प्रोग्रॅमच काढून टाकणार होते. यासाठीच तर सोळा प्रोसेसरांचं नवं मशीन आणलं होतं. पण तेही जुन्याइतकंच रेंगाळत होतं.

"पंधरा प्रोसेसर चोरीला गेलेत," मी जाहीर केलं.

रौदा म्हणाली की सोळाही एकाच चिपमध्ये असतात, चोरायचे तर घाऊक चोरावे लागतील. मग मी उष्म्यावर संशय घेतला आणि मशीनवर बर्फाची पिशवी ठेवली. ती गळली. साहेब, म्हणजे सी हामादी, टेबल पुसत मला बाहेर जायला सांगत होते. मी तो तपास दडपण्याचा डाव समजून त्याकडे दुर्लक्ष केलं.

एवढ्यात चहा देणाऱ्या मबरूका मावशी आल्या. बाई हिवाळ्यात जैतुनाच्या तोडणीला जातात. रौदाच्या पडद्यावर सोळा पट्ट्या होत्या. एक काठोकाठ भरलेली, बाकीच्या रिकाम्या. हे काय, असं त्यांनी विचारलं. कोणता प्रोसेसर किती राबतोय ते दिसतं, रौदाने सांगितलं.

"म्हणजे एकटा झाडावर आणि पंधरा जण खाली चटईवर? अगं, मुकादमाने त्यांना काम सांगितलंय का?"

रौदाने कंपाईलच्या सूचनांची फाईल उघडली. एका वेळी किती कामं करायची, तिथे आकडा होता एक. तिने सोळा केला आणि पुन्हा सुरुवात केली. सोळाही पट्ट्या उसळल्या. अकरा मिनिटांत काम फत्ते. पावणेएकला दुरुस्ती पोचली, आणि पुढची रुग्णवाहिका थेट दवाखान्यात गेली.

"तो एक लिहिला कोणी?" सी हामादींनी विचारलं.

रौदाने त्या आकड्याशेजारची नोंद वाचून दाखवली. "सोळा ठेवले की मशीनचा पंखा फार घरघरतो, विचार करता येत नाही, म्हणून एकच ठेवला. नूरी."

मी तपास तिथेच बंद केला.