गोदाक्का घोरपडीची आवराआवर

एका जंगलात, बाळांनो, सगळंच फुकट मिळायचं. पाणी फुकट, ऊन फुकट, सावलीसुद्धा फुकट. पण त्याचं कुणाला काडीचं कौतुक नव्हतं. मग वानरांनी वडावर दुकान थाटलं आणि बाहेर ‘फुकट’ असा फलक लावला. त्या दिवसापासून अख्खं जंगल फुकटच्या मागे लागलं.

दुकान खेळांचं होतं. विटीदांडूचं नव्हे, काचेच्या पाटीवर बोटानं खेळायच्या खेळांचं. अशी पाटी जंगलात प्रत्येकाकडे होती. वानरं रोज सकाळी एक खेळ फुकट द्यायची. आपापल्या बिळात लोळत बटण दाबलं की खेळ आपल्या लायब्ररीत जमा. तरीही पहाटेपासून वडाखाली रांग लागायची. रांगेत उभं राहिल्याशिवाय फुकट मिळाल्यासारखं वाटत नाही, असं रानगव्यांचं म्हणणं होतं.

खेळ कसले असायचे, ते विचारू नका. एके दिवशी ‘कोबी राखा’. दुसऱ्या दिवशी ‘बैलगाडी मागे घ्या’. तिसऱ्या दिवशी ‘भिंत वाळताना पाहा’. कुणी ते खेळायचं नाही. पण घ्यायचं मात्र सगळ्यांनी.

“असू दे,” सगळे म्हणायचे. “लागेल कधीतरी.”

भिंत वाळताना पाहायची वेळ कुणावर कधी येते, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर या जंगलात गोदाक्का नावाची घोरपड राहायची. घोरपडीनं एकदा धरलं की ती सोडत नाही, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेलच. नसेल तर शाळा बदला. गोदाक्कानं एकही सकाळ चुकवली नव्हती. ताप असला तरी बटण दाबलं. लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानासुद्धा दाबलं. असं करता करता तिच्या लायब्ररीत एक हजार दोनशे तेरा खेळ साठले.

त्यातला ती एकच खेळायची. ‘टपाटप जांभूळ’.

साधा खेळ. वरून जांभळं पडतात, खाली दोन टोपल्या असतात. एक तुमची, एक समोरच्याची. जो जास्त झेलेल तो जिंकला. समोर असायचा नारोबा बेडूक. नारोबा जिभेनं खेळायचा. चपळ होता, पण पाटी ओली करायचा. म्हणून गोदाक्का पळसाचं पान जवळ ठेवायची आणि दर डावाला पाटी पुसायची.

हात खाली कर रे, मागच्या ओळीतल्या. घोरपड बेडूक खाते हे मला ठाऊक आहे. गोदाक्काही खायची. पण नारोबाला खाल्लं असतं तर ती खेळली असती कुणाशी? गव्यांशी? त्यांच्या एका खुराखाली पाटीचा चुरा झाला असता.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. पाऊस सरला, डबकं आटू लागलं, की नारोबा चिखलात उतरायचा आणि पुढच्या पावसापर्यंत जमिनीखाली झोपून राहायचा. त्याआधी वर्षाचा निकाल लागायचा. ज्याचे डाव जास्त, तो जांभूळसम्राट. सलग तीन वर्षं नारोबा सम्राट होता आणि हे तो दिवसातून दोनदा बोलून दाखवायचा. यंदा मात्र दोघांचेही चाळीस चाळीस डाव झाले होते. एकच राहिला होता. गोदाक्काला तो जिंकायचा होता. इतका जिंकायचा होता की तिला जेवण गोड लागेना.

“अक्का, फार तर आठ दिवस,” नारोबा म्हणाला. “चिखल घट्ट होत चाललाय. माझे डोळे आत्ताच मिटायला लागलेत. आणि सम्राटाला जागरण सोसत नाही.”

“आणते हो पाटी,” गोदाक्का म्हणाली. “जरा खेळ सापडू दे.”

खेळ सापडत नव्हता.

वानरांना मुळाक्षरांचा क्रम येत नव्हता. त्यात त्यांनी नुकतीच लायब्ररीतली यादी सुधारली, आणि तेव्हापासून ती रोज नव्यानं लागायची. काल शेवटी असलेला खेळ आज मधे कुठेतरी. नाव लिहून शोधायची सोय होती, नाही असं नाही. पण तिथं काहीही लिहिलं तरी उत्तर एकच यायचं : ‘आजचा खेळ घेतलात का?’ गोदाक्का सकाळी यादी सरकवायला बसायची. दुपारपर्यंत नख दुखायचं. मग तिला डुलकी लागायची आणि कुठवर आलो होतो हेच आठवायचं नाही. असे तीन दिवस गेले.

“काढून टाक ना नको ते,” तिच्या मनानं सांगितलं.

मनाचं ऐकण्याआधी चारचौघांना विचारावं, म्हणून तिनं विचारलं.

“काढतेस कशाला?” हत्तीणबाई म्हणाल्या. “खायला मागतात का ते?”

“मिळालेलं टाकू नये,” म्हातारा सांबर म्हणाला. “अपशकुन होतो. माझ्या मामेभावानं ‘कोबी राखा’ टाकला आणि त्याच हंगामात त्याचं शिंग मोडलं.”

“सांबरांची शिंगं दरवर्षी गळतात हो,” गोदाक्का म्हणाली.

“तेच तर,” सांबर म्हणाला. “आमच्याकडे सगळेच काही ना काही टाकत बसलेत.”

शेवटी गोदाक्कानं धीर केला आणि ‘बैलगाडी मागे घ्या’वर बोट ठेवून ‘काढा’ म्हटलं. लगेच पाटीवर अक्षरं उमटली. ‘खरंच काढायचा?’ हो. ‘आमचं काही चुकलं का?’ नाही. ‘मग काढता का?’ नको आहे. ‘एकदा खेळून तरी बघितला असता.’ गोदाक्काचा जीव कळवळला. तिनं बसून एक बैलगाडी मागे घेतली. ती नीट गेली नाही म्हणून आणखी एक घेतली. संध्याकाळपर्यंत ती बैलगाड्याच मागे घेत होती, आणि खेळ होता तिथंच होता.

आता चार दिवस उरले.

अशा वेळी जाणकाराकडे जावं लागतं. जंगलात आवराआवरीच्या जाणकार म्हणजे धामणमॅडम. त्या शिबिरं घ्यायच्या. ‘कात टाका, मोकळे व्हा.’ शिबिराला कासवंही यायची आणि रडत घरी जायची.

“मी दरवर्षी कात टाकते,” धामणमॅडम म्हणाल्या. “टाकली की मागे वळून बघते का? नाही बघत. आभार मानायचे आणि सरकायचं. तुम्ही किती खेळ विकत घेतलेत?”

“एकच,” गोदाक्का म्हणाली. “‘महासिंहासन : सात पिढ्यांचं वैर’. हत्तीणबाईंनी घेतला म्हणून मीपण घेतला. त्याला साठ खेळाडू लागतात. आमच्या खानदानातही एवढे नाहीत.”

“आणि बाकीचे?”

“फुकटचे.”

“मग झालं तर!” धामणमॅडमनी शेपटी हवेत उडवली. “जे फुकट आलं त्याची आपल्याला किंमत नसते. हे बघा, इथं कोपऱ्यात बटण आहे. ‘फुकटचे सगळे काढा.’ हे मात्र काहीच विचारत नाही. वानरांना वाटलं असावं, एवढा धीर कुणाला होणारच नाही.”

गोदाक्कानं डोळे मिटले. सगळ्यांचे एकदम आभार मानले. आणि बटण दाबलं.

काय सांगू, बाळांनो! एक हजार दोनशे बारा खेळ एका फुंकरीत गेले. गोदाक्काला पिसासारखं हलकं वाटलं. ती धामणमॅडमच्या गळ्यात पडली. मॅडमना अंगभर गळाच असल्यामुळे ते अवघड गेलं नाही. ती बोरीच्या झुडपावरून उडी मारायला गेली आणि त्यात अडकली, तरी हसतच होती. पाठीला काटे टोचलेले, आणि बाई गाणं म्हणतेय. मग तिनं पाटी उघडली. यादी आता एका ओळीची होती.

‘महासिंहासन : सात पिढ्यांचं वैर’.

गोदाक्कानं यादी वर सरकवली, खाली सरकवली. पाटी हलवून पाहिली. उलटी करून ठोकली.

“मॅडम,” ती म्हणाली, “माझं जांभूळ कुठाय?”

“विकत घेतलं होतंत?”

आता गोदाक्काला ती सकाळ आठवली. त्या दिवशी वानरांनी ‘टपाटप जांभूळ’ वाटलं होतं आणि सगळं जंगल नाकं मुरडत परतलं होतं. “आज अगदीच टाकाऊ निघाला,” असं ती स्वतःच म्हणाली होती. पुढे चार पावसाळे तिनं तोच खेळला, आणि तो फुकट आला होता हे साफ विसरून गेली.

ती धावत वडापाशी गेली.

“काढलेला खेळ परत मिळत नाही,” गल्ल्यावरचं वानर म्हणालं. “नियम आहे.”

“कधीपासून?”

“आत्ताच केला.”

“मग विकत द्या. मागाल ते देते.”

“टपाटप जांभूळ?” वानर इतकं हसलं की फांदीवरून लोंबकळलं. “अहो, विकत कुणी घेईना म्हणून तर फुकट वाटला. आता बनवणंच बंद. आजचा खेळ घेतलात का? ‘कोबी राखा’, भाग चौथा.”

आणि गोदाक्कानं, सांगायला लाज वाटते, पण बटण दाबलं. हाताची सवय.

मग मात्र ती वडाच्या मुळाशी बसून रडली. घोरपडीला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून आजूबाजूला गर्दी जमली आणि गर्दी पाहून आपोआप रांग लागली. गोदाक्काला सम्राटपदाचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून जास्त वाईट या गोष्टीचं वाटत होतं, की नारोबाला आता काय सांगायचं.

शेवटच्या दिवशी ती डबक्यावर गेली. डबकं कसलं, परातीएवढा चिखल उरला होता. नारोबा त्यात कमरेपर्यंत उतरून वाट पाहत होता.

“या अक्का! सापडला का खेळ?”

“नारोबा,” गोदाक्का म्हणाली, “मी आवराआवर केली. त्यात आपलं जांभूळ गेलं. चूक माझी आहे. सम्राट तुम्हीच.”

नारोबानं डोळे मिटले. मग उघडले. मग तो एवढ्या मोठ्यानं डरावला की झाडावरचे बगळे उडाले.

“अहो, माझ्याकडे आहे की ते! तुम्ही रांगेत होतात, तुमच्या मागे मी होतो. मी कधी काही काढलंय का?”

आजवर खेळ गोदाक्काच्याच पाटीवर व्हायचे, कारण नारोबाच्या पाटीवर शेवाळ असायचं. त्यानं ती चिखलातून ओढून काढली. गोदाक्कानं पान घेऊन पुसली. लायब्ररी उघडली. तिच्यात पाच हजार खेळ होते. नारोबा जागा असेपर्यंत रोज दहा वेळा रांगेत उभा राहायचा.

“पाच हजार!” गोदाक्का किंचाळली. “आणि यादी?”

“रोज नवी,” नारोबा म्हणाला. “सरकवा तुम्ही. मी वाचतो.”

सूर्य डोक्यावर आला होता. चिखल कडेनं तडकत होता. गोदाक्का सरकवू लागली.

“‘कोबी राखा’,” नारोबा वाचू लागला. “‘कोबी राखा, भाग दुसरा’. ‘कोबीचा सूड’.”

गोदाक्काला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं.

“‘बैलगाडी मागे घ्या : घाटरस्ता’. ‘डास व्हा’. ‘डास होऊ नका’.”

“थांबा, थांबा,” गोदाक्का पोट धरून म्हणाली. “हे काय? ‘मामंजींची छत्री शोधा’. ‘मामंजी शोधा’!”

“‘लोणचं मुरेपर्यंत थांबा’. याला म्हणे खरोखर दोन महिने लागतात!”

दोघं गडबडा लोळू लागली. नारोबा चिखलात होता म्हणून त्याला लोळता आलं नाही, तो जागेवरच थरथरला. मग नारोबालाच कल्पना सुचली. जांभूळ सापडेल तेव्हा सापडेल. तोवर जो जास्त वेडगळ नाव काढेल त्याला एक गुण. आधी एकवीस गुण होतील तो सम्राट.

“कबूल,” गोदाक्का म्हणाली. “पण पाटीला जीभ लावायची नाही.”

दुपार कधी सरली कळलं नाही. हसून हसून गोदाक्काची उचकी थांबेना. नारोबा गळ्यापर्यंत खाली गेला होता. दोघांचेही वीस वीस गुण झाले. पाळी गोदाक्काची होती. तिनं यादी सरकवली.

आणि ते आलं. जांभळ्या रंगाचं, छोटंसं. ‘टपाटप जांभूळ’.

गोदाक्कानं ते नीट पाहिलं. तिचं नख त्याच्यावर क्षणभर टेकलं. जन्मात एकदा धरलेलं काही तिनं सोडलं नव्हतं. पण नारोबाचे डोळे अर्धे मिटले होते, तोंडावर हसू होतं, आणि तो पुढचं नाव ऐकायला थांबला होता. गोदाक्कानं यादी तशीच पुढे सरकवली.

“काय होतं?” नारोबानं विचारलं.

“काही नाही हो. कोबीच. तुमची पाळी.”

नारोबानं एक डोळा उघडून पुढचं नाव वाचलं. “‘भिंत वाळताना पाहा, भाग दुसरा. आता गिलाव्यासहित’.”

झालं! गोदाक्का पाठीवर पडली आणि चारी पाय हवेत झाडू लागली. नारोबा चौथ्यांदा सम्राट झाला. तिला हरल्याचं थोडं वाईट वाटायचं होतं, पण हसण्यातून सवड मिळेना.

“पुढच्या पावसाला भेटू, अक्का,” असं म्हणून नारोबा खाली गेला. चिखल वर मिटला. मग खालून एक बुडबुडा आला, आणि बुडबुड्याबरोबर त्याचा आवाज.

“मघाशी जांभूळ गेलं ना, ते मीपण पाहिलं होतं हं!”

तात्पर्य : फुकट मिळालेला खेळ कधीही काढून टाकू नये, आणि चुकूनही खेळू नये. आवराआवर करायचीच झाली, तर आयुष्यात ज्यानं काहीही आवरलेलं नाही असा एक मित्र आधी गाठून ठेवावा.