चष्म्याशिवाय स्पष्ट दिसण्याचे घरगुती उपाय डॉट कॉम

नाव हे ओळखण्यासाठी असतं, असा एक जुना गैरसमज आहे. नाव सापडण्यासाठी असतं. ओळख वगैरे नंतर. आधी माणूस सापडला पाहिजे. आईवडिलांनी हे लक्षात न घेताच आपली नावं ठेवली, म्हणून आपल्यापैकी बहुतेक जण इंटरनेटच्या चौदाव्या पानावर पडून आहेत. (चौदाव्या पानापर्यंत आजवर कोणी गेलेलं नाही. जो गेला तो काय शोधत होता हे विसरला.)

आपल्या चष्मेवाल्याला हे पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही साडूच्या कृपेने.

चष्मेवाल्याचं दुकान वडिलांच्या वेळचं. नाव 'निर्मळ दृष्टी'. पुढे फ्रेमांचं काचेचं कपाट, मागे पडदा, पडद्याआड डोळे तपासायची खुर्ची. खोली एवढी आखूड की उलट्या छापलेल्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला आणि तो समोरच्या आरशात बघायचा. कोपऱ्यावर मोठं झगमगीत दुकान उघडल्यापासून गिऱ्हाईक आटलं होतं. येणारे यायचे ते ढिला स्क्रू पिळून घ्यायला, आणि स्क्रू पिळायचे पैसे मागायची त्याला लाज वाटायची.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या बहिणीचा नवरा. हा गृहस्थ आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, मग विमा विकायला लागला आणि आता 'डिजिटल सल्लागार' झाला होता. तिन्ही धंद्यांत समोरच्याला आधी घाबरवावं लागतं, त्यामुळे अनुभव अजिबात वाया गेला नव्हता.

"भाऊ," साडू म्हणाला, "'निर्मळ दृष्टी' असं महिन्याला किती लोक शोधतात, माहितीये?"

"किती?"

"दोन. त्यातला एक मी."

"आणि दुसरा?"

"तोही मीच. दुसऱ्या फोनवरून."

मग साडूने शास्त्र समजावून सांगितलं. लोक जे शब्द टाकून शोधतात ते कीवर्ड. तेच शब्द जोडून वेबसाइटचं नाव केलं, म्हणजे डोमेन घेतलं, की शोधणारा थेट आपल्या दारात. नाव निवडताना दोनच गोष्टी बघायच्या: शोधणारे भरपूर हवेत आणि स्पर्धा कमी हवी. 'चांगला चष्मा' शोधणारे मूठभर निघाले. 'जवळचे चष्म्याचे दुकान' भरपूर लोक शोधत होते, पण तिथे आधीच नऊ हजार चष्मेवाले एकमेकांच्या उरावर बसलेले. मात्र या सगळ्यांच्या चाळीस पट माणसं एकच गोष्ट शोधत होती: चष्म्याशिवाय स्पष्ट दिसण्याचे घरगुती उपाय. आणि आश्चर्य म्हणजे ते नाव जगातल्या एकाही चष्मेवाल्याने घेतलेलं नव्हतं.

"मैदान मोकळं आहे," साडू म्हणाला.

"अहो, पण त्यांना चष्मा नकोय."

"चष्म्याचं नाव तर घेतायत ना? कोपऱ्यावरच्या दुकानाचं तर तेवढंही घेत नाहीत."

यावर चष्मेवाल्याला काही सुचलं नाही. सल्लागाराचं म्हणणं बरोबर आहे की नाही ते असंच ओळखायचं असतं.

नाव घेतलं. पाटी नवी केली. ती दुकानापेक्षा लांब निघाली, तेव्हा 'डॉट कॉम' एवढं शेजारच्या किल्लीवाल्याच्या भिंतीवर गेलं. (किल्लीवाल्याने हरकत घेतली नाही. वेबसाइट नसताना त्याला डॉट कॉम मिळालं होतं.) फोन उचलला की पूर्ण नाव सांगायचं, असाही नियम झाला. नाव सांगून होईपर्यंत समोरचा फोन ठेवून द्यायचा. पहिल्या आठवड्यात बायकोनेच चारदा ठेवला.

वेबसाइटवर चष्मेवाल्याने स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहिलं: 'असे कोणतेही उपाय नाहीत, कृपया डोळे तपासून घ्या.' वाक्य सरळ होतं आणि खरं होतं. साडूच्या आकडेवारीनुसार वाचणारा त्या वाक्यावर सरासरी तीन सेकंद थांबायचा आणि पुढच्या दुकानात जायचा. माणसं थांबत नाहीत असं दिसलं की सर्च इंजिन तुम्हाला खाली ढकलतं. वेबसाइट सहाव्या पानावर गेली.

"उपायांचं नाव घेतलंय आणि उपाय नाहीत," साडू म्हणाला. "ही लोकांची फसवणूक आहे, भाऊ."

चष्मेवाला सच्चा माणूस. फसवणूक हा शब्द त्याला झोंबला. त्याने उपाय लिहायला घेतले. डोळे गोल फिरवावेत. लांबच्या झाडाकडे पाहावं. गार पाण्याचे हबके मारावेत. गाजर खावं. तळहात चोळून डोळ्यांवर ठेवावेत. चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवावा, कारण समोर असला की मोह होतो. साडू म्हणाला, उपाय सात हवेत, सहावर लोकांचा विश्वास बसत नाही. सातवा काही सुचेना, म्हणून त्याने लिहिलं, 'कडेला थोडा अंधार वाटल्यास घाबरू नये, डोळे विश्रांती घेत असल्याचं ते लक्षण आहे. धीर धरावा.'

तीन आठवड्यांत वेबसाइट पहिल्या नंबरवर आली. साडूने त्याला मिठी मारली. लाखभर लोक रोज वाचत होते, एकमेकांना पाठवत होते, खाली आभार मानत होते. दुकानातही वर्दळ वाढली. लोक चष्मे परत करायला येत होते.

मग एके दुपारी तो ताईकडे गेला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई अंथरुणाला खिळली तेव्हा याला कडेवर घेऊन हिने घर सांभाळलं, आणि वडील गेल्यावर हा शिकून तयार होईपर्यंत दुकानाच्या गल्ल्यावर हीच बसली. तिचा पहिला चष्मा हा त्याने स्वतः घासलेल्या काचांचा पहिला चष्मा. आता ती घरी शिलाई करते. त्या दिवशी दार उघडताना तिचा उजवा खांदा चौकटीवर आपटला. चहा ठेवताना कडेचा पेला कलंडला. आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"ताई, चष्मा कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये. मोह होतो."

डोळ्याच्या कडेचं दिसेनासं होणं म्हणजे काय असू शकतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. काचबिंदू असेल तर गेलेली नजर परत येत नाही.

"ताई, आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चल."

"कशाला? कडेला अंधार म्हणजे डोळे विश्रांती घेतायत. पहिल्या नंबरवर लिहिलंय. फोन रोज वाचून दाखवतो मला."

"अगं, ते मी लिहिलंय!"

ताई खळखळून हसली. "तू? धाकट्या, तुला दूधवाल्याला चिठ्ठी धड लिहिता येत नाही."

त्याने फोन काढला, पासवर्ड टाकला, वेबसाइटच्या आतलं आपलं नाव तिच्यासमोर धरलं.

"काय दाखवतोयस? दिसत नाही मला."

"दिसत नाही म्हणूनच म्हणतोय!"

"दिसेल हळूहळू. धीर धरायचा, असंही लिहिलंय." मग जरा समजुतीच्या सुरात ती म्हणाली, "तुझा धंदा बसतोय, कळतं रे मला. पण म्हणून दुसऱ्याच्या चांगल्या कामावर जळू नये."

दुकानात परतल्यावर त्याने सातही उपाय पुसून टाकले आणि लिहिलं, 'इथले सातही उपाय खोटे होते. मी चष्मेवाला आहे. माफ करा.' तासाभरात खाली चारशे संतप्त प्रतिक्रिया आल्या. त्यांचा सारांश असा की चष्मेवाल्यांच्या टोळीने ही वेबसाइट बळकावली असून मूळ सज्जन गृहस्थाच्या जिवाला धोका आहे. काहींनी सात उपाय जपून ठेवले होते, ते त्यांनी स्वतःच्या वेबसाइटवर टाकले. ताईचा फोन आला.

"बघितलंस? तुमच्याच लोकांनी गप्प केलं त्या बिचाऱ्याला!"

चष्मेवाला तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसला. आरशात उलटा तक्ता सुलटा दिसत होता. मग तो उठला, साडूला न विचारता सात उपाय होते तसे परत टाकले, फक्त सातव्यातला अंधार काढून नुसता धीर ठेवला आणि आठवा लिहिला:

'उपाय आठवा (अत्यंत जुना, डॉक्टर मंडळी हा सांगत नाहीत). कडेला अंधार वाटत असल्यास, सकाळच्या वेळी डोळ्यांच्या दवाखान्यात जावं. तिथे एक यंत्र असतं, त्यावर हनुवटी टेकवावी. मान सरळ ठेवावी, त्याने डोळ्यांतली उष्णता उतरते. डॉक्टर थेंब देतील ते नाही म्हणू नये. थेंब रोज, न चुकता, आयुष्यभर घालावेत. परिणाम शंभर टक्के.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई धाकट्याला घेऊन दवाखान्यात हजर. तिच्यापुढे रांगेत अकरा जण होते आणि सगळे हनुवटी टेकवायला आले होते.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदूच आहे. उजव्या डोळ्याची कड गेली, ती येणार नाही. उरलेली नजर राखता येईल, थेंब चुकवू नका. दोन महिने आधी आला असता तर, एवढं म्हणून ते पुढच्या कागदाकडे वळले. बाहेरच्या बाकावर चष्मेवाला ओक्साबोक्शी रडला. लाखभर माणसांना जे सांगितलं ते नुसता सातचा आकडा भरायला लिहिलं होतं, आणि ती लाखभर कोण होती हे त्याला आत्ता कळत होतं.

"रडतोस काय वेड्यासारखा?" ताईने त्याची पाठ थोपटली. हात अंदाजाने आला. "राहिली ना नजर? त्या भल्या माणसाने सांगितलं म्हणून आले मी. तू एवढी वर्षं डोळ्यांच्या धंद्यात आहेस, तू कधी सांगितलंस का?"

"नाही सांगितलं, ताई," चष्मेवाला म्हणाला.

दवाखाना सध्या जोरात चालतो. डॉक्टर नंबर लिहून देतात आणि लोक चष्मा कोपऱ्यावरच्या झगमगीत दुकानातून घेतात, कारण दारावर 'चष्म्याशिवाय' लिहिलेल्या दुकानातून चष्मा घेण्याइतकं कोणी खुळं नाही. ताई थेंब न चुकता घालते आणि आठवा उपाय भेटेल त्याला सांगते.

तुम्हाला हे सगळं वाचून हसू आलं असेल. छान. पण मघाशी 'काचबिंदू' शब्द आल्यावर तुम्ही एक डोळा झाकून कडेचं दिसतंय का ते बघितलंत, आणि थोडी शंका आली. आता ही शंका तुम्ही डॉक्टरांना विचारणार की आणखी कुठे, हे साडूला चांगलं माहीत आहे. तुम्ही जे शब्द टाकणार आहात त्यांचं डोमेन त्याने कालच घेऊन ठेवलंय.