वानखडे सरांचं 'सी ऑफ'

शुक्रवारी सकाळी वानखडे सर वारले. दुपारी त्यांना नेलं. संध्याकाळची अकोला बस सुटली तेव्हा तिला पोचवायला स्टँडवर कोणी नव्हतं.

यातलं शेवटचं वाक्य जळगाव जामोदच्या बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सर इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि गावातून जो कोणी बसने बाहेर जाई, त्याला पोचवायला स्टँडवर जात. जाणारा ओळखीचाच असला पाहिजे, अशी अट नव्हती. मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. सरांची खोली माझ्या खोलीला लागून होती. सकाळी मी दात घासत असलो की भिंतीपलीकडून आवाज येई, "भाऊसाहेब, आज कोन चाललं?" दुसरा एखादा विचारतो ना, आज भाजी कशाची, तसं.

सरांची बायको लवकर गेली. एकुलती मुलगी कुसुम अकोल्याला दिलेली. ती आली की दर खेपेला म्हणे, "बाबा, रिटायर झाले की माह्याकडे चला. इथी एकटे काय करता?" सर म्हणत, "पाहू." आणि तिची बस किती वाजता आहे ते विचारत.

सरांचं इंग्रजीवरचं सगळं प्रेम 'सी ऑफ' या एका क्रियापदावर गोळा झालं होतं. शाळेच्या पुस्तकात त्याचा अर्थ 'निरोप देणे' असा छापला होता. सर त्यावर भडकत. "निरोप तं पोस्टमन बी देते!" मग ते फोड करून सांगत. दारातून हात हलवला, तर ते 'से गुडबाय'. कोपऱ्यापर्यंत गेलं, तर ते नुसतं चालणं. त्याने पचन सुधारतं, इंग्रजी नाही. बसमध्ये बसवलं आणि लगेच भाजी घ्यायला वळलं, तर ते 'ड्रॉप'. ड्रॉप पोतं करतात, माणूस नाही. बस कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीआड गेल्यावर रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत जो उभा राहिला, त्याने 'सी ऑफ' केलं. "धूळ बसायच्या आंधी जो वळला, त्याचं वाक्य अर्धंच राह्यलं," असा त्यांचा नियम होता.

हे ते फळ्यावर शिकवत नसत. आठवीचा अख्खा वर्ग स्टँडवर नेत. हेडमास्तरांनी हरकत घेतली तेव्हा म्हणाले, "सायन्सवाल्यायले प्रयोगशाळा आहे. माही स्टँडवर आहे." एकदा सगळा वर्ग रांगेत उभा राहून रुमाल हलवताना पाहून बसमधल्या एका म्हाताऱ्याला वाटलं, गाडीत कोणी मंत्री आहे. नांदुऱ्यापर्यंत तो एकेकाला विचारत गेला. शेवटी सगळ्यांनी मिळून एका जाडजूड कापूस व्यापाऱ्याला मंत्री ठरवलं. त्याने नाही-नाही म्हणत दोन गावांना विहिरीचं आश्वासन दिलं म्हणे.

शाळा तपासायला एक साहेब येत. त्यांच्या जाण्याने सगळे सुटकेचा श्वास सोडत, त्यामुळे पोचवायला जायचं कोणाच्या मनात येत नसे. सर मात्र एकदा गेले आणि बसच्या खिडकीखाली उभे राहिले. साहेब घाबरले.

"काही तक्रार आहे का?"

"नाही, सर."

"बदली हवी आहे?"

"नाही, सर. आय ॲम सीइंग यू ऑफ, सर."

साहेबांना आयुष्यात कोणी असं पोचवलं नसावं. बस सुटल्यावर ते अर्धे बाहेर येऊन हात हलवू लागले आणि त्यांची टोपी उडाली. सरांनी ती उचलली, झटकली, पुढच्या बसच्या कंडक्टरकडे दिली आणि मग त्या टोपीसाठीही धूळ बसेपर्यंत उभे राहिले.

गावातल्या एका भुरट्या चोराला शिक्षा झाली आणि शिपाई त्याला बेड्या घालून बुलढाण्याला नेऊ लागले, तेव्हाही सर फुटाण्यांची पुडी घेऊन हजर. शिपायाने विचारलं, "तुमचा कोन लागते हा?"

"कोनी नाही. पन जाऊन राह्यला ना?"

चोराच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर, माहा सख्खा भाऊ नाही आला!"

"तुह्या भावाची सायकल तूच चोरली बे," सर म्हणाले. "थो कशावर येईन?"

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने फळ्यावर रंगीत खडूने 'सेंड ऑफ समारंभ' असं लिहिलं. सर हार गळ्यात घालून फळ्याकडे पाहत राहिले. भाषणाला उठल्यावर म्हणाले, "सेंड ऑफमधे आपन मानसाले पाठवतो. मले कोन पाठवून राह्यलं? हात वर करा." कोणी हात वर करीना. हेडमास्तरांनी घाईने चहा मागवला.

पण जायचं ठरलं होतं. कुसुमताईंनी अकोल्याला खोली झाडून ठेवली होती आणि या वेळी 'पाहू' ऐकायला त्या तयार नव्हत्या. ठरल्या दिवशी गाव स्टँडवर लोटलं. ज्यांना सरांनी कधी ना कधी पोचवलं होतं ते सगळे आले. सुटून आलेला चोरही आला होता, त्यामुळे लोक खिसे धरून उभे होते. हमालाने ट्रंक आणि वळकटी टपावर चढवली. सर एकेकाशी बोलत होते. घंटी वाजली, बस हलली. सगळ्यांनी हात हलवले. सरांनीही हलवले. बस भिंतीआड गेली. धूळ उठली. सगळं गाव शिस्तीत उभं राहिलं. धूळ बसली.

मग पानवाले रहीमभाई हळूच म्हणाले, "सर, तुमी कोनाले सी ऑफ करून राह्यले?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "माह्या वळकटीले," ते म्हणाले.

गाव इतकं हसलं की उसाच्या रसाचं गुऱ्हाळ बंद ठेवून रसवाला पाहायला आला. सवयीनं झालं, असं सर सगळ्यांना सांगत होते. रात्रीचं जेवण माझ्याकडे झालं आणि अंथरूणही माझंच दिलं.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई ट्रंक घेऊन उतरल्या. ओसरीत पाय टाकायच्या आत सुरू झाल्या. "वळकटी आली, बाप नाही आला! माह्या काळजात धस्स झालं. सासूबाई मनतात, पह्यले सामान धाडलं असन, मानूस मांगून पार्सलनं येईन. काऊन नाही बसले तुमी?"

"सवयीनं झालं, माय."

"बाबा, मले नका शिकवू. मी आठवीत तुमच्याच वर्गात होती."

मी उठू लागलो, तर सरांनी हाताने बसवलं.

"तुह्याकडे आलो अस्तो तं तू सकाळी भाकर वाढली अस्ती, संध्याकाळी वाढली अस्ती," ते म्हणाले. "लय चांगलं झालं अस्तं. पन बस सुटली का तू खिडकीतून मांगे वळून पाह्यते ना, तसं घरात कोनी कोनाकडे पाह्यत नाही. जानारा कोनी बी असो, एक डाव वळून पाह्यतेच. थो चोर बी पाह्यला."

"तेवढ्यासाठी?"

"मले तेवढं पुरते."

कुसुमताईंनी पदराने नाक पुसलं आणि रागातच विचारलं, पोहे टाकू का. सर म्हणाले, टाक. त्या वाटाघाटीचा शेवट एवढाच झाला.

त्यानंतर अकोल्याला जाण्याचा विषय निघाला नाही. कुसुमताई महिन्याच्या महिन्याला येत, बापाचे कपडे धूत, माझ्याही सदऱ्याला बटण लावून देत आणि दुसऱ्या दिवशी परतत. त्यांच्या येण्यापेक्षा जाण्याच्या दिवशी सर जास्त टापटीप असत. दाढी करत, इस्त्रीचा कोट घालत आणि बस यायच्या कितीतरी आधी निघत.

आता दहावं-तेरावं सगळं झालं. खोलीतलं सामान कुसुमताईंनी वाटून टाकलं आणि चावी घरमालकाला दिली. मला ओसरीवरून त्या रीतीप्रमाणे 'येते' म्हणाल्या. इथं आता त्यांचं कोणी नाही. त्यांची बस भिंतीआड गेल्यावर धूळ बसेपर्यंत मी स्टँडवर उभा राहिलो.