शेड क्रमांक पाच

माणूस धोकादायक आहे की निरुपद्रवी, हे त्याच्या कृतीवरून ठरवायचं म्हटलं, तर आधी ती कृती होईपर्यंत थांबावं लागतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांना एवढी सवड नसते. म्हणून सुसंस्कृत वस्तीत हा निर्णय गेटवरच, माणूस अजून काहीही करत नसताना घेतला जातो, आणि त्यासाठी माणसाच्या बाहेरच्या बाजूइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आतली बाजू बघायला वेळ लागतो. शिवाय तिथे उजेड कमी असतो.

कोपरखैरण्याच्या ‘नवसंकल्प’ सोसायटीत १९९७च्या जानेवारीपर्यंत हा निर्णय वॉचमन जोतीराम आपल्या अंदाजाने घेत असे. जोतीराम साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. (शेड क्रमांक सहा. त्याचा खुलासा पुढे येईल.) चार वर्षांत त्याचा अंदाज फारसा चुकला नव्हता. पण त्या जानेवारीत बी-विंगमधून एक प्रेशर कुकर आणि एक सायकल गेली, आणि आपली सुरक्षा कुणा एकाच्या अंदाजावर उभी आहे, हे सभासदांच्या लक्षात आलं. अंदाज अशास्त्रीय असतो. सभासदांपैकी सतरा जण विज्ञान शाखेचे पदवीधर होते.

सेक्रेटरी अभिराम त्यांतला एक. महाप्याला रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात तो गुणवत्ता नियंत्रण बघायचा. सज्जन, वक्तशीर, कुणावर आवाज न चढवणारा माणूस. त्याने दहा दिवस बसून ‘अभ्यागत संशयमापन पत्रक’ तयार केलं, झेरॉक्स काढल्या आणि एक प्रत प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून जोतीरामच्या केबिनमध्ये लटकवली.

पत्रकात चार रकाने होते. पोशाखाचा पहिला. इस्त्रीची पँट आणि खोचलेला शर्ट शून्य गुण, सफारी शून्य, पायजमा दोन (सकाळी दूध आणायला निघालेला सभासद वगळून), लुंगी, धोतर किंवा काष्ट्याची नऊवारी चार. पाचवारी साडी आणि खांद्याला पर्स असेल तर शून्य. पादत्राणांना जास्तीत जास्त दोन. सामानाला चार: सूटकेस शून्य, गाठोडं तीन, पोतं चार, मग पोत्यात काही असो वा नसो. आणि शेवटचा रकाना रंगाचा.

रंगाच्या बाबतीत अभिराम काटेकोर होता. ‘सावळा’, ‘काळासावळा’, ‘उजळ’ हे शब्द लग्नाच्या जाहिरातीत चालतात, सुरक्षेत चालत नाहीत. त्याने कारखान्यातून बाहेरच्या भिंतींच्या रंगाचं एक शेड कार्ड आणलं आणि त्यातल्या सहा पट्ट्यांना क्रमांक दिले. मोतिया एक, सायीचा दोन, गव्हाळी तीन, बदामी चार, विटकरी पाच, कॉफी सहा. क्रमांक तेवढे गुण. सूचनाही स्पष्ट होत्या: मापन सकाळी दहा ते दुपारी चार, उन्हात करावं, कार्ड डाव्या गालाला लावावं, ट्यूबलाइटखालचं वाचन ग्राह्य नाही, अभ्यागत घामेजलेला असल्यास आधी पुसून घ्यावा.

अभिरामची बायको सुचित्रा वाशीच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. हे कार्ड भिंतींचं आहे, एवढं तिने म्हणून पाहिलं. अभिरामने तिला समजावलं की पृष्ठभाग तो पृष्ठभाग.

एकूण आठपर्यंत प्रवेश. नऊ किंवा वर असेल, तर सभासदाची चिठ्ठी. चिठ्ठी नसेल, तर नम्रपणे परत.

फेब्रुवारी ते एप्रिल या तिमाहीत एक हजार आठशे सेहेचाळीस अभ्यागत मोजले गेले. दोनशे तेरा परत पाठवले. त्यांपैकी चोर निघालेले: शून्य. अभिरामने अहवालात लिहिलं, ‘दोनशे तेरा चोऱ्या टळल्या.’ याच काळात ए-विंगमधून एक मिक्सर आणि दोन गॅस रेग्युलेटर नाहीसे झाले. पण आठच्या वरचं कुणीच आत आलेलं नसल्यामुळे ती चोरी असू शकत नव्हती. ती नोंद ‘गहाळ’ या सदरात गेली.

अडचणी आल्या, नाही असं नाही. एक तमिळ इंजिनीयर भाड्याचा फ्लॅट बघायला टाय लावून आले तेव्हा सहा गुणांत आत गेले, आणि पुढच्या रविवारी लुंगी-स्लिपरवर मोजमापं घ्यायला आले तेव्हा अकरा गुणांवर बाहेर राहिले. (शेरा: ‘व्यक्ती एकच, धोका दोन.’) केनियाहून शिकायला आलेला एक विद्यार्थी कडक इस्त्रीचा सूट घालून आला. कार्ड त्याच्या अलीकडेच संपलं. बाहेरच्या भिंतींना इतका गडद रंग कुणी देत नाही. अभिराम स्वतः खाली आला आणि दोष तुमचा नसून कार्डाचा आहे, हे त्याला इंग्रजीत व्यवस्थित समजावून सांगून त्याने त्याला परत पाठवलं.

मग अपवाद आले. चेअरमनचे बार्शीचे मामा धोतर-पिशवीसह चौदा गुणांवर पाऊण तास स्टुलावर बसल्यावर ‘सभासदांचे नातेवाईक’ हा अपवाद (अ) झाला. प्लंबर हा अपवाद (आ). बोनकोड्याहून मासळी घेऊन येणारी बाई, बुधवार-शुक्रवार-रविवार, अपवाद (इ). घरकामाच्या बाया, कामाच्या वेळेपुरत्या, अपवाद (ई). आणि जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण राजाबाई हिला महिला मंडळाच्या शिष्टमंडळाने अपवाद (उ) मिळवून दिला. थोडक्यात, ज्यांच्यावाचून आत कुणाचं तरी अडत होतं ते सगळे सुटले, आणि पत्रक उरलं ते ज्यांची आत कुणालाच गरज नाही अशांसाठी. धोका म्हणजे काय, याची इतकी स्वच्छ व्याख्या कुणीच केली नव्हती. अभिरामनेही ठरवून केली नव्हती.

जोतीरामला यातलं काही खटकत नव्हतं. पत्रक आल्यापासून त्याला शिव्या कमी बसत होत्या. कुणी तणतणलं तर तो कार्डाकडे बोट दाखवायचा. त्याचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. त्याची मुलगी ज्ञानेश्वरी चौथी पास झाली होती, आणि गावची शाळा चौथीलाच संपत होती. सेक्टरमधल्या मराठी शाळेत पाचवीला घ्यायला हेडमास्तर तयार होते, फक्त राहत्या पत्त्याचा दाखला हवा होता. टाकीशेजारची पंपाची खोली जोतीरामला द्यायची, असं कमिटीने मान्य केलं होतं. दाखल्यावर सही सेक्रेटरीची. म्हणजे सगळं जमलेलंच होतं. बायको आणि मुलगी तेवढ्या गेटमधून आत यायला हव्या होत्या.

त्याने अभिरामला गाठून विचारलं, त्या दोघींना अपवादात घालता येईल का.

“जोतीराम, माझ्या मनात काही नाही,” अभिराम म्हणाला. “पण नातेवाईक सभासदाचे हवेत. तू सभासद आहेस का?”

“न्हाई साहेब. मी गेटवर असतो.”

“मग झालं तर. आणि घरच्या माणसांचं माप तू घ्यायचं नाहीस. मी घेईन. उद्या तुझ्याकडे कुणी बोट दाखवायला नको.”

त्या दुपारी केबिनमध्ये बसून जोतीरामने मनातल्या मनात बायकोला मोजलं. अकरा वर्षांच्या संसारात त्याने हे पहिल्यांदाच केलं. रंग पाच, नऊवारी चार, चपला एक, गाठोडं तीन. तेरा. गोजरा तेरा गुणांची आहे, हे त्याला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं. पाच तरी गुण उतरायला हवे होते, आणि रंगातून काही सुटण्यासारखं नव्हतं.

राहिले कपडे. तो राजाबाईकडे गेला. राजाबाई बोनकोड्यात भाड्याच्या खोलीत राहायची. तिच्या खोलीत छतापर्यंत सोसायट्या रचलेल्या होत्या: हे वाशीचं, हे नेरूळचं, हे तुमचं. तिने ऐकून घेतलं आणि पान लावता लावता म्हणाली, “लुगड्याला भितात व्हय हे? आरं, ह्यांच्या बाया जे टाकून देत्यात ना, ते नेसून बाई बँकेत गेली तर मॅनेजर उठून हुबा राहील.” तिने ढिगातून एक फिकट पाचवारी काढली, चेन बिघडलेली एक पर्स काढली, आणि ज्ञानेश्वरीच्या मापाचा, गळ्याला लेस असलेला एक आकाशी फ्रॉक.

मेच्या शेवटच्या रविवारी गोजरा आणि ज्ञानेश्वरी कळंबोलीला एस.टी.तून उतरल्या. जोतीरामने त्यांना आधी राजाबाईच्या खोलीवर नेलं. गाठोडं तिथेच ठेवलं. गोजराने साडीकडे दोनदा बघितलं आणि विचारलं की हे नेसायचं हाय का गुंडाळायचं. मग नेसली.

बारा वाजता, भर उन्हात, अभिरामने स्वतः कार्ड लावलं. गोजराचा क्रमांक पाच. त्याने खात्री करून घ्यायला पुन्हा लावलं, पाचच. पोशाख शून्य, चपला शून्य (त्याही राजाबाईच्या), सामान शून्य. एकूण पाच. ज्ञानेश्वरीचा रंग चार, बाकी सगळं शून्य. कागदावरच्या दोन ठसठशीत बेरजांखाली त्याने ‘प्रवेश’ लिहिलं, शेऱ्यात ‘समाधानकारक’ लिहिलं, आणि “या ताई” म्हणून गोजरासाठी स्टूल मागवलं. घरी जेवताना तो सुचित्राला म्हणाला की चांगली माणसं बघताक्षणी कळतात.

तीन दिवसांत पंपाच्या खोलीत संसार मांडून झाला. दाखला टाइप होऊन सहीसाठी अभिरामच्या टेबलावर गेला. चौथ्या दिवशी अभिरामची मुलगी क्षिप्रा खाली खेळायला आली आणि ज्ञानेश्वरीला बघून थांबली. ती रागावली वगैरे नव्हती. ओळखीचं कुणी भेटावं तसं तिने सांगितलं, “हा माझा फ्रॉक आहे. हे बघ, इथे आइस्क्रीमचा डाग.”

ही गोष्ट पाच मिनिटांत चौथ्या मजल्यावर अभिरामच्या घरी पोचली. अभिरामला वाईट वाटलं, पण आनंदही झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. चार महिन्यांत पद्धतीच्या हाती एकही चोर लागला नव्हता. आता एक लागला होता, तोही मुद्देमालासकट. संध्याकाळी अभिरामच्याच हॉलमध्ये कमिटीची तातडीची सभा बसली. जोतीराम दाराशी उभा राहिला. ‘वॉचमनला कमी करणे’ हा विषय क्रमांक एक, ‘पंपाची खोली रिकामी करून घेणे’ हा दोन. जोतीराम एवढंच म्हणाला की कपडे राजाबाईने दिले. त्यावर चेअरमन म्हणाले की चोर नेहमी तिसऱ्याचं नाव सांगतो.

सुचित्रा चहा घेऊन आली होती. तिने ट्रे ठेवला. “फ्रॉक मी दिला राजाबाईला,” ती म्हणाली. “फ्रॉक आणि यांचे दोन शर्ट देऊन गाळणं घेतलं. हा चहा त्याच गाळण्यातला आहे.”

सगळ्यांनी हातातल्या कपांकडे पाहिलं. एक-दोघांनी कप खाली ठेवले.

जोतीराम निर्दोष ठरला. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला, टाळ्याही झाल्या. इथे एखादी साधी कमिटी उठून घरी गेली असती. पण अभिराम गुणवत्ता नियंत्रणातला माणूस. चूक माणसाची नसेल, तर ती पद्धतीत शोधायची असते. गोजरा गावाहून काय नेसून आणि काय घेऊन आली, हे त्याने जोतीरामला विचारून बेरीज केली, बराच वेळ पेन्सिलीने कपाळ खाजवलं आणि त्याला ती सापडली. तेरा गुणांची बाई पाच गुणांवर आत आली होती, आणि दोन्ही वेळा तीच बाई होती. कपडे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात. चपला जातात. गाठोडं बोनकोड्याला ठेवता येतं. ज्या गोष्टी बोहारणीकडे बदलून मिळतात, त्यांवर सुरक्षा उभी करणं अशास्त्रीय आहे. चार रकान्यांत भरवशाचा एकच. तो कुणी कुणाला गाळण्याच्या बदल्यात देऊ शकत नाही.

तीन रकाने रद्द झाले. मर्यादा चार ठरली. ठराव एकमताने मंजूर. सुचित्रा सभासद नव्हती (फ्लॅट अभिरामच्या नावावर होता), त्यामुळे तिचं मत मोजायचा प्रश्न आला नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता फेरमापन झालं. जोतीराम अभ्यागत नव्हता, नोकर होता, म्हणून तो सुटला. ज्ञानेश्वरी चार, आत. गोजरा पाच, बाहेर.

गोजरा कार्डाकडे बघत राहिली. “लेक आत आन् आय भाईर,” ती म्हणाली, “मंग पोरगी काय झाडाला लागली व्हती व्हय?”

अभिरामला मनापासून वाईट वाटलं. त्याने मार्ग काढला. अपवाद (ई) अजून लागू होता. आमच्याकडेच धुण्याभांड्याला बाई हवी आहे, तो म्हणाला. सात ते अकरा या वेळेत रंगाला हरकत नाही. त्या वेळेत मुलीला जाता-येता बघायलाही हरकत नाही. अकराला मात्र रजिस्टरमध्ये वेळ टाकून बाहेर जायचं. आता गोजरा बोनकोड्यात राजाबाईच्या खोलीत, सोसायट्यांच्या ढिगाखाली झोपते. सकाळी सातला जोतीराम तिच्यासाठी गेट उघडतो आणि अकराला तिचा अंगठा घेतो. ज्ञानेश्वरीला पाचवीत प्रवेश मिळाला. दाखल्यावर अभिरामने सही केली. ‘आईचा पत्ता’ या ओळीत त्याने थोडा विचार करून, सुवाच्य अक्षरात, ‘गेटबाहेर’ असं लिहिलं.

चोऱ्या त्यानंतर झालेल्या नाहीत. काही वस्तू गहाळ झाल्या आहेत.

या हकिकतीत जोतीरामचा शेड क्रमांक दिलेला आहे, गोजराचा आणि ज्ञानेश्वरीचाही आहे. अभिराम, सुचित्रा आणि क्षिप्रा यांचा कुठेही दिलेला नाही. सभासदांना मोजायची पद्धत नाही. तरी वाचता वाचता तुम्ही त्या तिघांना एकेक रंग लावून टाकलाच असेल, आणि तुमच्या हातात तर कार्डही नव्हतं. तो आकडा चारपर्यंतचा असेल, तर सरळ आत यावं. तुम्हाला रजिस्टरमध्ये सही करायची गरज नाही.