रीटचं बाकडं

सुट्टीहून परतलेल्या माणसाने स्वतःच्या घरात मागच्या दाराने शिरावं असा काही नियम नाही. पण त्या रविवारी दुपारी शैलेंद्रने गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावली आणि दोन्ही हातांत बॅगा घेऊन तो सायकलींच्या शेडमागच्या बोळातून निघाला. त्याच्या मागे सुमेधा आणि सुमेधाच्या मागे नऊ वर्षांची संहिता, प्रियावहिनींनी दिलेला चिवड्याचा डबा छातीशी धरून.

"आपण चोर आहोत का?" सुमेधाने विचारलं.

"हळू बोल. याप बागेत असेल."

"असू दे ना. कधीतरी सांगावं लागणारच आहे."

"सांगू. पण आज नको."

याप म्हणजे नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावातला त्यांचा शेजारी. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेला, ताडमाड उंच आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारा. तो आणि त्याची बायको रीट आयुष्यभर दर उन्हाळ्यात फ्रान्सला, आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या व्हेर्कोरच्या डोंगरात जायचे. मार्चमध्ये रीटच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा सगळा प्रवास खुर्चीपासून खिडकीपर्यंत येऊन थांबला. अशात जूनमध्ये शैलेंद्र कुंपणावरून सहज म्हणाला, "यंदा आम्हीही फ्रान्सला जायचं म्हणतोय."

आपल्याकडे असं सहज बोललेलं सहज विसरलंही जातं. याप दुसऱ्या संध्याकाळी नकाशे घेऊन हजर झाला. नदीच्या काठावर कड्याला लटकलेली रंगीत घरं कोणत्या पुलावरून बघायची, कडा पोखरून काढलेल्या रस्त्यावर हॉर्न कुठे वाजवायचा, ग्रनोबलच्या किल्ल्यावर जाणाऱ्या रोपवेच्या गोल काचेच्या डब्यात कोणत्या बाजूला बसायचं, सगळं त्याने पेन्सिलने खुणा करून समजावलं. रीटने मात्र एकच गोष्ट मागितली.

"शोरांशच्या गुहा आहेत ना, त्यांच्या वरच्या वाटेवर एक लाकडी बाकडं आहे. आम्ही दरवर्षी तिथे बसून डबा खायचो. त्याचा एक फोटो आण. मला दुसरं काही नको."

शैलेंद्रने छातीवर हात ठेवून शब्द दिला. आणि त्या डोंगरांपासून दीड तासावर, लिऑनमध्ये, त्याचा मावसभाऊ मनोहरदादा आणि प्रियावहिनी राहत होते.

"वाटेवरच तर आहे. चहा घेऊ आणि निघू," शैलेंद्र म्हणाला होता.

"तुमच्या घरातून आजवर कुणी नुसता चहा पिऊन निघालंय?" सुमेधाने विचारलं होतं.

ते पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती, म्हणून "आता अंधारात डोंगरात कुठे जाता?" हे पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी अमावस्या निघाली. तिसऱ्या दिवशी वहिनींनी दहीवड्यांची डाळ भिजवली होती आणि भिजलेल्या डाळीला पाठ दाखवून जाण्याइतका निर्दय माणूस त्या घराण्यात जन्मलाच नव्हता. मग चक्का टांगला गेला. मग दादाचा एक मित्र खास यांना भेटायला येणार होता. "अरे, डोंगर काय पळून जाणारेत का?" दादा रोज म्हणायचा. सकाळी हवा स्वच्छ असली की बाल्कनीतून लांबवर एक निळसर रेघ दिसे. तिच्याकडे बघत तो चहा प्यायचा. अशी त्यांची व्हेर्कोरची सहल संपली.

आणि आता कुंपणावरून यापचं डोकं वर आलंच.

"आलात! बाकडं सापडलं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. शैलेंद्रने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात त्याला पलीकडच्या खिडकीत रीट दिसली. तिने हात उंचावला होता.

"सापडलं! अप्रतिम जागा आहे!" तो म्हणाला. सुमेधाने डोळे मिटून घेतले.

"फोटो?"

"प्रिंट काढून देतो ना. शनिवारी."

घरात शिरल्यावर सुमेधा म्हणाली, "शनिवारी काय देणारेस? दहीवड्यांचा फोटो?"

"काहीतरी करू. बाकडं म्हणजे शेवटी बाकडंच."

अडचण अशी होती की बाकड्यामागे डोंगर लागतो आणि हा देश पोळपाटासारखा सपाट. चढ म्हणावा असा प्रकार शैलेंद्रला एकच ठाऊक होता. त्याचं ऑफिस आर्नहेमला होतं आणि तिथून जवळच पोसबँक नावाच्या टेकड्या होत्या. सायकल चालवताना धाप लागते म्हणून इथले लोक त्यांना कौतुकाने डोंगर म्हणतात. बुधवारी संध्याकाळी तिघं तिथे पोचली. बाकडं मिळालं, पण मागची टेकडी काही केल्या आल्प्ससारखी दिसेना. शेवटी शैलेंद्र गवतात पालथा पडला आणि मोबाइल जमिनीला टेकवून कोन शोधू लागला.

"तिकडे ही असली जांभळी फुलं असतात का?" सुमेधाने विचारलं.

"फ्रान्समध्ये सगळं असतं."

"पण बाबा, हे फ्रान्स नाहीये," संहिता नेहमीप्रमाणे डचमध्ये म्हणाली.

एक सायकलवाला थांबला. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"नाही, नाही. फोटो काढतोय."

सायकलवाल्याने मोबाइल कुठे रोखलाय ते पाहिलं, मग टेकडी पाहिली. "अशाने ती उंच होणार नाही," असं म्हणून तो निघून गेला.

शनिवारी शैलेंद्रने फोटो रीटच्या हातात दिला. तिने तो खिडकीपाशी धरला, बराच वेळ पाहिला आणि तिचे खांदे हलू लागले. तिने रुमाल तोंडाला लावला.

"हेच," ती कशीबशी म्हणाली. "हेच ते!"

एका म्हातारीला आपण फसवलं याची लाज आणि तिला इतका आनंद दिला याचं समाधान अशी दोन्ही शैलेंद्रच्या मनात एकदमच दाटली. यापने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तो कॉफी करायला आत गेला.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण सप्टेंबरात रीटचा वाढदिवस आला. इथल्या रिवाजाप्रमाणे खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या आणि प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करत होता. समोरच्या भिंतीवर खिडकीएवढी फ्रेम होती. यापने फोटो मोठा करून आणला होता. केकचा तुकडा तोंडात घालता घालता शैलेंद्रची नजर फोटोच्या कोपऱ्यात गेली आणि तुकडा तिथेच अडकला.

बाकड्याच्या पायामागे एक पांढरा, बुटका, अळंबीच्या आकाराचा दगड उभा होता. वाट दाखवणारा दगड. नेदरलँड्सच्या रानावनात, सायकलवाटांवर तो जागोजाग भेटतो आणि इथलं शेंबडं पोरही तो ओळखतं. फ्रान्समध्ये तो शोधून सापडणार नाही.

गल्लीतली सगळी मंडळी एकेक करून फ्रेमपुढे उभी राहत होती. 'तुझे केस फार वाईट कापलेत' हे न विचारता सांगणारी ही माणसं आज मात्र गप्प होती. "हवा छान मिळाली," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "जागा ओळखीची वाटते," तर त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. शैलेंद्रने बशी उचलली आणि स्वयंपाकघर गाठलं. याप मागोमाग आला आणि त्याने दार लावून घेतलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "अळंबी राहू दे. त्याच्या आधीच संहिताने सगळं सांगितलं होतं. श्रीखंडासकट."

"याप, माझं चुकलं. मी आत्ता जाऊन रीटला सांगतो."

"खबरदार! तिला बारीक दिसत नाही. आणि ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच हसायला लागलीय. रोज फोटोकडे बघते आणि हसते." त्याने आवाज खाली आणला. "पण मला झोप लागत नाही. तिच्याशी मी आजवर खोटं बोललेलो नाही. ऑक्टोबरात शाळेला सुट्टी आहे ना? मी तुमच्याबरोबर येतो. खरा फोटो काढू आणि गुपचूप फ्रेममध्ये बदलून टाकू. रीटला सांगतो, डोंगर बघायला जातोय; तिची बहीण इथे येऊन राहील."

"चालेल."

"आणि वाटेत चहा नाही. तुझ्या भावाचा फोन आला तर मी बोलेन. तुम्हा लोकांना 'नको' म्हणता येत नाही. मला येतं."

ऑक्टोबरात गाडी लिऑनजवळ आली आणि फोन वाजलाच. यापने तो हातात घेतला.

"नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "धन्यवाद. आम्ही येणार नाही."

असं उत्तर मनोहरदादाने जन्मात ऐकलं नव्हतं. तो पडेल आवाजात म्हणाला, "ठीक आहे. काही हरकत नाही. प्रियाने पहाटे उठून पुरणपोळ्या केल्यात. बघतो आता त्यांचं काय करायचं ते."

यापने फोनवर हात ठेवला. "पुरणपोळी म्हणजे काय?"

सुमेधाने सांगितलं. तुपासकट सांगितलं.

"दहा मिनिटं," याप म्हणाला. "मी घड्याळ लावतो."

चौथ्या दिवशी दुपारी याप दादाचा लेंगा घालून बाल्कनीत बसला होता. लेंगा त्याच्या पोटरीपर्यंतच येत होता. हातात वाटी होती आणि वाटीत श्रीखंड. "उद्या निघू," तो शैलेंद्रला म्हणाला. "डोंगर काही पळून जात नाहीत." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रीट होती. यापने स्पीकर लावला.

"कुठे आहात?"

याप एकदम ताठ बसला. "बाकड्यावर," तो म्हणाला.

शैलेंद्र त्याच्याकडे बघतच राहिला.

"हवा सुंदर आहे, रीट. डोंगर अगदी समोर आहेत."

आणि आत कुकरने शिट्टी दिली. मग दुसरी. मग तिसरी.

"ती शिट्टी कसली?"

"रोपवे," याप म्हणाला.

रीट म्हणाली, "याप, तुम्ही पुन्हा पोसबँकलाच जाणार असाल, तर या वेळी ती अळंबी फोटोत येऊ देऊ नका." आणि तिने फोन ठेवला.

यापच्या हातातली वाटी कलंडली. "तिने ऑगस्टमध्ये चष्मा बदलला," तो आठवून म्हणाला. "म्हणजे इतके दिवस ती फोटोकडे बघून हसत होती, ते..."

शैलेंद्रलाही खिडकीपाशी हलणारे ते खांदे आठवले. तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, आम्ही निघतो."

"आत्ता? अहो, भात झालाय. निदान दोन घास..."

"नको, वहिनी."

हा शब्द आपल्या तोंडून निघाला यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. मनोहरदादा धावत आला, आणि मग शैलेंद्रला सगळं सांगणं भाग पडलं: ऑपरेशन, बाकडं, अळंबी, सगळं.

"गाढवा, त्या बाईंसाठी होतं होय ते!" दादा ओरडला. "हे तेव्हाच नाही का सांगायचं? मी स्वतः तुला हाकलून दिलं असतं. प्रिया, भात डब्यात भर! आपणही जातोय!"

आठवड्याभराने रीटने नवा फोटो हातात घेतला, टेबलावरचं भिंग उचललं आणि सर्वांत आधी कोपरा तपासला. तिथे अळंबी नव्हती. मग तिने बाकड्याच्या पायावर कोरलेली, तिच्या आणि यापच्या नावांची दोन अक्षरं शोधली आणि त्यांवर अंगठा ठेवला. या वेळी तिचे खांदे हलले नाहीत. यापने तिच्या खुर्चीवर हात ठेवला.

"बाकडं तेच आहे," ती म्हणाली. तिने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. बाकड्यावर मनोहरदादा, प्रियावहिनी आणि सुमेधा दाटीवाटीने बसले होते. संहिता मध्ये उभी होती. एका टोकाला चार पुडांचा स्टीलचा डबा होता, आणि मागे उभ्या असलेल्या यापने, गार वारा लागू नये म्हणून वहिनींनी दिलेली अख्खी शाल दोन्ही हातांनी पसरून धरली होती.

"पण डोंगर कुठे आहेत?"

"मागे आहेत," शैलेंद्र म्हणाला. "शालीच्या."

रीटने फोटो मांडीवर ठेवला. तो ती कुणाला देईना. याप भिंतीवरची फ्रेम उतरवायला गेला, तेव्हा मात्र तिने त्याला हाताने थांबवलं.

"तो तिथेच राहू दे," ती म्हणाली. "त्यात निदान डोंगर तरी दिसतात."