तरन्नुमच्या मॅटरचं गुरुत्व

वाघोलीच्या एका महाविद्यालयात तरन्नुमच्या पीएच.डी.च्या विषयाला आज संध्याकाळपर्यंत मंजुरी मिळाली नाही, तर तिची नोंदणी आपोआप रद्द होणार होती. विषय होता : ‘मॅटरशी कपल केलेली गेज थिअरी म्हणून ग्रॅव्हिटी, एक भौमितिक मांडणी’. फाईल जायची होती भौतिकशास्त्राच्या समितीकडे. गेली शिस्तपालन समितीकडे. यात कारकुनाची चूक नव्हती. पुण्यात ‘मॅटर’ म्हणजे हाणामारीची भानगड, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

समितीचे अध्यक्ष रंगराव हे जन्माने आणि मताने नारायण पेठेतले.

“हे मॅटर आवारात झालं की गेटबाहेर?” त्यांनी विचारलं.

“सर, मॅटर सगळीकडेच आहे.”

“म्हणजे टोळी आहे.” रंगरावांनी टिपून घेतलं.

“आणि कपल कोण?” सदस्या सुनीतीबाईंनी चष्मा नाकावर ओढला. “मुलाचं नाव सांग.”

इंग्रजी शब्दांनी घात केला, हे तरन्नुमच्या ध्यानात आलं. विश्रांतवाडीच्या मराठी शाळेतलं शिक्षण तिच्या मदतीला धावलं. “मॅडम, मॅटर म्हणजे द्रव्य.”

रंगरावांनी पेन खाली ठेवलं.

“द्रव्य,” रंगराव हलकेच म्हणाले. “म्हणजे देवाणघेवाण. अहो, मग हे आपल्या अधिकारात बसत नाही. दक्षता समितीला बोलवा.”

दक्षता समितीतही हेच दोघे होते. त्यांनी आपसांत खुर्च्या बदलल्या आणि कामकाज पुन्हा सुरू झालं.

बाहेर उन्हं उतरली होती. तरन्नुम घाईघाईने म्हणाली, “सर, सोपं आहे. समजा, वाघोलीतल्या माणसाने उत्तर दिशा इकडे मानली आणि नारायण पेठेतल्या माणसाने तिकडे मानली...”

“नारायण पेठेत मानत नाहीत. तिथे उत्तर आहेच.”

“बरं. पण ज्याने त्याने आपापलं माप धरलं, तरी निसर्गाचं काही बिघडत नाही. फक्त इथलं माप तिथल्या मापाशी ताडायला मध्ये कनेक्शन लागतं. त्या कनेक्शनमधूनच गुरुत्वाकर्षण येतं. आणि मॅटर आलं, की कनेक्शनला पीळ पडतो.”

रंगरावांचा चेहरा उजळला. उभ्या नोकरीत विज्ञान त्यांना प्रथमच समजलं होतं.

“म्हणजे कनेक्शन नसेल, तर इथलं तिथे पोचत नाही? फाईलसुद्धा?”

“फाईलचा विचार मी केला नव्हता, सर.”

“तिथेच चुकलात! एवढा सरळ विषय, आणि केवढे आढेवेढे! मंजूरच समजा. फक्त सांगा, तुमचं कनेक्शन कुणाशी?”

“ते गणितातलं आहे, सर.”

“ते झालंच हो. वर कुणाशी? विद्यापीठात, मंत्रालयात, गेला बाजार एखादा नगरसेवक?”

“कुणाशीच नाही.”

रंगरावांना मनापासून वाईट वाटलं. “मग तुमच्याच सिद्धान्ताप्रमाणे तुमच्या फायलीवर गुरुत्वाकर्षण चालत नाही. तिच्यासाठी वरून शब्द आमच्या टेबलावर उतरणार कसा? निसर्गनियमाविरुद्ध सही करणारे आम्ही कोण?”

सुनीतीबाईंनी शेरा लिहिला, ‘सिद्धान्त मान्य. उमेदवार अमान्य.’ नोंदणी रद्द झाली.

अन्याय झाला, यात वाद नाही. तुम्हालाही चीड आलीच असेल. पण ही समिती बरखास्त करावी, असं काही तुमच्या मनात आलं नाही. आलं ते एवढंच, “अरेरे, पोरीने आधी सांगायचं तरी! आमचे साडू आहेत ना विद्यापीठात.”