नेदोची निवड

"चाळीस वर्षं लिव्होर्नोच्या धक्क्यावर क्रेन चालवलीय मी! एक पेटी बोटभर इकडची तिकडं झाली नाही. अकरा म्हाताऱ्यांना तीन दिवस सिएनात उतरवायचं, त्यात काय एवढं!"

वल्हेकरी मंडळाच्या बैठकीत नेदोनं छाती ठोकली. पुढच्या महिन्यात मंडळाचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडायचं होतं. ही सहल पार पडली, की पडलंच!

लगेच अटी सुरू झाल्या. लोरियानोला जिना नको. ओस्वाल्दोला घोरायला वेगळी खोली. नेदोच्या बायकोला, इल्वाला, खिडकीत टेकड्या हव्यात.

"माझी अट एकच," नेदो गरजला, "घरमालक पिसाचा नको! दारात पिसाकर उभा राहण्यापेक्षा घरात मढं परवडलं!"

टाळ्या कडाडल्या. पिसा लिव्होर्नोपासून हाकेच्या अंतरावर. पण वैर असं मुरलेलं, की लोणच्यानं लाजावं.

आठवडाभर फोन करकरून नेदोनं सिएनात जेम्माबाईंचं घर शोधलं. घर कसलं, ओवीच! तळमजल्यावर खोल्या, खिडकीशी लेकरासारखी रेललेली जैतुनांची टेकडी, आणि चुलीवर पावाचं नि घेवड्याचं दाट सूप. पहिल्या घासालाच लोरियानोचे डोळे मिटले.

"नेदो, तुझ्या हातात सोन्याचं कडं घालायला हवं!"

नेदो फुगत फुगत हात धुवायला घरातल्या बोळात गेला. भिंतीवर शाळेचा जुना फोटो. दोन वेण्यांची जेम्मा, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: चौथीचा वर्ग, पिसा.

नेदोची पाचावर धारण बसली. त्यानं अंगातला कोट काढला नि फोटोवर टांगला.

"अरे, बाहेर गारठा आहे, कोट घाल!" ओस्वाल्दोनं सकाळी कोट आणून दिला. नेदोनं तिथं इल्वाची शाल टांगली. इल्वानं शाल ओढून घेतली, तर लोरियानोची टोपी! दुसऱ्या दिवशी त्या बोळाचा धोबीघाट झाला, शेवटी कोटच पुन्हा फोटोवर गेला, आणि नेदो सिएनाच्या चौकात नुसत्या सदऱ्यावर शिंकत उभा.

त्यात फोनवर मोजकं बोलणाऱ्या जेम्माबाईंची घरातली बोली अस्सल पिसाची! त्यांनी तोंड उघडलं, की ती बुडवायला नेदो गळा फाडून गायचा:

"वल्हव गड्या, वल्हव रं, लाट आली दारी,
आईच्या गं डोळ्यांमधी बंदराची वारी!"

"मीठ हवं का, एवढंच विचारत होते हो," बाई हळूच म्हणायच्या.

निघायच्या सकाळी लोरियानोनं पेला उंचावला. "आपले नवे अध्यक्ष, नेदो!"

अकरापैकी दहा पेले वर गेले. खोट्या मानाचा पेला नेदोच्यानं मात्र उचलवेना.

"थांबा!" तो शिंकत उठला. "चूक झाली माझी. बाई पिसाच्या आहेत!"

ओस्वाल्दोनं सूप आणखी वाढून घेतलं.

"माहितीय," लोरियानो तोंड पुसत म्हणाला. "पहिल्या रात्रीच बोलीवरून कळलं. पण असं सूप! म्हटलं, नेदोला कळलं तर आपल्याला उपाशी बाहेर काढेल. गप्प बसलो."

"तीन दिवस तुझं गाणं सोसलं, ते उगाच नाही," इल्वा म्हणाली.

"मग... अध्यक्षपद?"

"तुझंच रे! असं घर दुसऱ्या कुणाला सापडलं असतं?"

नेदोची छाती पुन्हा फुगू लागली. तेवढ्यात जेम्माबाई पळी घेऊन दारात आल्या, इकडंतिकडं बघत कुजबुजल्या,

"तुमचं झालं असेल, तर माझं एक ऐका. मी लिव्होर्नोकरांना जेवू घातलं, हे पिसात कुणाला कळू देऊ नका. आई नव्वदीची आहे, घरात घेणार नाही!"